गावाने नाकारलेला बेटावरचा माणूस

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येते आणि मग थोडा वेळ गप्प बसावेसे वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घरफोड्या तर पुष्कळच. पण कोणी आठवणी सांगा म्हटले की मी ही सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा बहुधा हिरमोड होतो, कारण हिच्यात ना रक्त आहे ना पिस्तूल. एक माणूस परक्या मुलखात समुद्रातल्या बेटावर अडकला होता. त्याला सोडवायचे तर त्याच्या गावाने ‘हा आमचा’ एवढेच म्हणायचे होते, आणि गाव काही केल्या म्हणत नव्हते.

यात मी कोणाचेही नाव देणार नाही, गावाचेसुद्धा नाही. ती माणसे अजून त्याच भागात आहेत. काहींचे माझ्याकडे येणेजाणे आहे, आणि त्यांच्या घरचे तांदूळ मी आजही खातो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कर्जत पोलीस ठाण्याला फौजदार म्हणून नुकताच बदलून आलो होतो. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते आणि आमचे वरचे कार्यालय अलिबागला. त्या दिवसांत आखाती देशांचे वेड गावागावांत पोचले होते. कोणाचा तरी मेहुणा तिकडून टेपरेकॉर्डर घेऊन आलेला असे, आणि तो टेपरेकॉर्डर ऐकून आणखी चार जण उठत. ज्यांची कागदपत्रे होत ते विमानाने जात. ज्यांची होत नसत त्यांना एजंट गुपचूप एखाद्या लाँचमध्ये बसवून देत.

एके दिवशी अलिबागहून टपालात एक चौकशीचा कागद आला. आखातातल्या एका देशाने एक लाँच भर समुद्रात अडवली होती. अशा लाँचमधल्या माणसांना तो देश आपल्या जमिनीवर उतरूच देत नसे. किनाऱ्यापासून लांब एका उजाड बेटावर पत्र्याच्या शेडी घातल्या होत्या, भोवती तारेचे कुंपण होते, तिथे नेऊन ठेवत. जमिनीवर पाय लागला नाही म्हणजे तो देशात आलाच नाही, आणि आलाच नाही तर त्याचे म्हणणे ऐकायचेही कारण नाही, असा सगळा मामला. तो कागद मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना. चोराला आम्ही पकडतो तर चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभा करतो. इथे गुन्हाही नाही आणि न्यायाधीशही नाही, नुसते बेट.

तिथून सुटायला एकच वाट होती. आपण ज्या देशाचे आहोत म्हणतो, त्या देशाने ‘होय, हा आमचा’ असे कळवायचे. त्या लाँचमधला एक जण सांगत होता की मी कर्जत तालुक्यातला, कळंबच्या पुढच्या अमुक गावचा, अमक्याचा मुलगा. खरे की खोटे ते आम्ही कळवायचे होते.

कागदाच्या खालच्या ओळी मात्र वाईट होत्या. हीच विचारणा आदल्या वर्षी एकदा होऊन गेली होती आणि आमच्या ठाण्याकडून उत्तर गेले होते, ‘सदर इसम मिळून येत नाही. त्या नावाचा बाप मुलगा नसल्याचे सांगतो.’ आता ही शेवटची विचारणा. याही खेपेला तेच उत्तर गेले तर सदर इसम कोणत्याही देशाचा नाही असे समजण्यात येईल, असे स्वच्छ लिहिले होते. म्हणजे हा माणूस त्या शेडीतच म्हातारा झाला तरी कोणाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

आमचे हवालदार त्या भागात मुरलेले होते. अंगाने जाड, जिभेने तिखट आणि चहाचे भलते शौकीन. त्यांना पाठवले. संध्याकाळी ते चिखलाने भरलेले बूट हातात घेऊन आले.

“नाही साहेब, असा कोणी नाही. पोलीस पाटील म्हणतात नाही. बापाचं जे नाव लिहिलंय त्या नावाचा एक म्हातारा आहे, पण तसले म्हातारे तिकडं गावोगाव आहेत. तो म्हणतो मला मुलगाच नाही. लिहून टाकू ना, मिळून येत नाही?”

“थांबा. ह्या माणसानं काय केलंय, असं तुम्हाला कोणी विचारलं?”

हवालदारांनी बूट खाली ठेवले. जरा विचार केला. “नाही बुवा. कोणीच नाही विचारलं.”

“चहा?”

“चहा दिला. दोनदा दिला. आणि लगेच वाटेला लावलं.”

माझी खात्री तिथेच पटली. खेडेगावात पोलीस गेला आणि एखादे अनोळखी नाव घेतले की लोक आधी पोलिसाचीच उलटतपासणी घेतात. कोण हो तो, काय केलं त्यानं, कुठला, कोणाचा पाहुणा, मारामारी की चोरी. ज्यांना खरोखर माहीत नसते त्यांना सगळे माहीत करून घ्यायचे असते. ज्यांना माहीत असते तेच विचारत नाहीत. हा अनुभव मला नोकरीभर उपयोगी पडला आणि पुढे घरातही, मुलांच्या बाबतीत.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः निघालो. एसटीने कळंब गाठले आणि पुढे हवालदारांबरोबर बांधावरून चालत गेलो. लावणीचे दिवस होते. सगळा पट्टा पाण्याने भरलेला, खाचरांत माणसे वाकलेली, पाठीवर पानांची इरली. गावात शिरलो तर घरांना कड्या. सगळे गाव एका शेतात होते. म्हाताऱ्याच्याच.

म्हातारा बांधावर बसून रोपांच्या मुठी पुढे टाकत होता. कमरेतून पार वाकलेला, चिखलात उतरण्यातला नव्हता. मला पाहून उठायला लागला तसे मी त्याला बसवले आणि शेजारी बसलो.

“बाबा, मुलं किती तुम्हाला?”

“दोन पोरी सायब. दोनी दिल्या. एक नेरळाला, एक भिवपुरीला.”

“आणि मुलगा?”

“नाय.”

“झालाच नाही, की...?”

“नाय म्हंजे नाय. द्येवानं दिला नाय.”

खाचरात एक तरुण बाई लावणी करत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला. “ही कोण?” मी विचारले.

“भाची हाय. ऱ्हायला आलीय.”

पोलीस पाटील धावतपळत आले. धोतर चिखलाने माखलेले, कारण तेही लावणीलाच होते. “आवो सायब, काल हवालदारास्नी सांगितलं ना. या, च्या घेऊ.”

चहा नको म्हटले. मी इकडची तिकडची चौकशी करत बसलो. माझे बालपण रत्नागिरीकडे भातशेतीतच गेले, त्यामुळे त्या चिखलात मला परकेपणा वाटत नाही. आणि बसल्याबसल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. इतकी माणसे मजुरीने आलेली नव्हती, हे दिसतच होते. ही सावड होती. सावड म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आज सगळ्यांनी मिळून माझे शेत लावायचे, उद्या तुमचे, परवा तिसऱ्याचे. ज्याच्या शेतात गाव राबते त्याच्या घरचा माणूस पुढे गावाच्या शेतात राबतो. परतफेड करायला घरात हात नसतील त्याला सावडीत घेत नाहीत. त्यात दुष्टावा नसतो, रीतच तशी. त्याने गडी लावून करून घ्यायचे, किंवा शेत अर्धेलीने द्यायचे.

या म्हाताऱ्याची कंबर गेलेली, मुलगा नाही, घरात एक पाहुणी आलेली भाची. आणि त्याच्या शेतात अख्खे गाव वाकले होते.

मी अगदी सहज विचारले, “पाटील, उद्या कोणाची पाळी?”

“उद्याला माजी.”

“मग यांच्या घरचं कोण येणार तुमच्याकडं?”

पाटील माझ्याकडे बघत राहिले. म्हाताऱ्याने मूठ उचलली आणि परत खाली ठेवली. कोणीतरी काहीतरी बोलायला हवे होते, आणि अशा वेळी जी बोलते ती बाई प्रत्येक गावात एक तरी असतेच. मधल्या खाचरातून एक दणकट काकू सरळ उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “आमाला काय घाई नाय सायब. त्यो आला म्हंजे फेडील की समद्यांची. कामाला लई जोराचा हाय त्यो!”

“कोण?” मी म्हणालो.

काकूने तोंडावर हात मारून घेतला, चिखलासकट. हवालदार दुसरीकडे तोंड फिरवून हसू लागले. मलाही हसू आवरेना. पण म्हातारा हसत नव्हता. तो हवालदारांच्या काठीकडे बघत होता, आणि ती तरुण बाई पाण्यात तशीच उभी होती. तेव्हा मला कळले की ही माणसे मला फसवत नाहीत, ही घाबरली आहेत.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. माणूस समुद्रात पकडला गेला आहे. एका बेटावर कोंडून ठेवला आहे. त्याच्यावर इथे कसलाही खटला नाही. तुम्ही ‘आमचा’ म्हणालात की तो सुटेल, ‘नाही’ म्हणालात की तो कायमचा तिथेच. “जो तुमचा नाही त्याला मी तुमच्या गळ्यात बांधणार नाही,” मी म्हणालो. “पण तुम्ही टाकलात तर त्याला दुसरं कोणी नाही.”

म्हातारा जमिनीकडे बघत पुटपुटला, “पोलीस आसंच बोलनार, आमाला म्हाइत हाय.” हे वाक्य मी लक्षात ठेवले. पोलीस असेच बोलणार, हे याला आधीच कोणीतरी पढवून ठेवले होते.

मी ठाण्यावर परतलो आणि उत्तर लिहिले नाही. अलिबागहून स्मरणपत्र आले. ते बाजूला ठेवले. साहेबांचा फोन आला. चौकशी चालू आहे, एवढेच सांगितले. हवालदार रोज म्हणत, “साहेब, म्हाताऱ्याला आणून बसवू का?” मी नको म्हणत होतो. घाबरलेल्या माणसाला ठाण्यात आणून बसवले की तो अजून घट्ट होतो. रागावलेला माणूस ठाण्यात मऊ पडतो, घाबरलेला पडत नाही.

आणि वाट बघण्याचा उपयोग झाला. बाजारच्या दिवशी दुपारी ती खाचरातली तरुण बाई ठाण्याच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत भेंडी. आत येईना, बाहेर जाईना. आमच्या ठाणे अंमलदारांनी तिला बाकावर बसवले. मी समोर जाऊन बसलो.

“भाची ना तू?” मी म्हणालो.

ती जमिनीकडे बघून म्हणाली, “सून हाय.” मग जरा थांबून विचारले, “सायब, तितं पानी गोडं मिळतं का? समुद्रातलं बेट म्हनता तुमी. त्यास्नी तहान लई लागते.”

इतक्या वर्षांत मला ठाण्यात लोकांनी हजार प्रश्न विचारले असतील. असा हा एकच. मला खरोखर माहीत नव्हते. मी तसे सांगितले, आणि मला वाटते मी खोटे ‘हो, मिळते’ म्हणालो नाही म्हणूनच ती पुढे बोलली.

खोपोलीला शिळफाट्याच्या नाक्यावर चहाच्या हॉटेलात एक माणूस बसतो. तोच नवऱ्याला घेऊन गेला. दर थोड्या दिवसांनी त्याच्याकडे निरोप घ्यायला सासरा जातो. तो सांगतो, तुमचा मुलगा जहाजावर कामाला लागला आहे, मजेत आहे, फक्त लिहायला सवड नाही. आणि पोलीस येतील, म्हणतील मुलगा पकडला आहे, ओळख द्या. अजिबात द्यायची नाही. ओळख दिली की तिकडून हाकलतील आणि इकडे उतरल्याबरोबर बेडी पडेल. मागल्या वर्षी पोलीस आले तेव्हा असेच सांगून परत पाठवले. सासरा म्हणतो, एवढे एकच आपण पोरासाठी करू शकतो, तोंड बंद ठेवायचे.

“गावाला कोणी सांगितलं?”

“कोन सांगनार? समद्यांनी आपनहूनच ठरवलं. एकाचा पोर म्हंजे समद्यांचा.”

ऐकून मला भडकायला हवे होते, पण भडकायचे कोणावर? अख्खे गाव एका पोराला वाचवायला एकदिलाने खोटे बोलत होते, आणि त्या एकदिलानेच तो तिकडे तारेच्या आत बसला होता. भडकायला माणूस एकच होता, आणि तो शिळफाट्याला चहा पीत होता.

खालापूर ठाण्याचे फौजदार माझे स्नेही होते. हद्द त्यांची. त्यांना भेटून सगळे सांगितले. ते म्हणाले, त्यांच्याकडेही अशीच चौकशी येऊन गेली होती आणि तिथलेही गाव नाही म्हणाले होते. दुपारच्या वेळी त्या हॉटेलातून आम्ही त्या इसमाला उचलले. पांढरी पँट, काळा चष्मा, मनगटावर भले मोठे घड्याळ. मूळचा त्याच तालुक्यातल्या शेतकरी घरातला, पण बोलणे असे की जन्म दुबईत झाला असावा. “आय डोंट नो एनिथिंग,” म्हणाला. आमच्या हवालदारांनी त्याला नमस्कार केला.

चौकशीत तो मुरलेला निघाला. लाँच? कसली लाँच? मुले? आपण कोणाला ओळखत नाही. वकील बोलवा. मारण्यात मला कधी अर्थ वाटला नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवे ते बोलतो, आणि मला खरे हवे होते. मी त्याला कोठडीतून काढून खालापूर ठाण्याच्या पडवीत, रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसवले. शेजारी मामलेदार कचेरी. तालुक्यातला माणूस दिवसभर तिथून ये-जा करतो. त्याला चहा दिला, आणि त्याच्या देखत हवालदारांना हाक मारली.

“हवालदार, सगळ्या गावांना निरोप धाडा. म्हणावं, मुलांची खुशाली सांगणारे गृहस्थ इथं बसले आहेत, येऊन भेटून जा. आम्ही काही विचारत नाही, तुम्हीच विचारा.”

“सगळ्यांना बोलवू साहेब?”

“सगळ्यांना. बायकांनासुद्धा. ती मधल्या खाचरातली काकू आहे ना, तिला आवर्जून.”

त्याने चष्मा काढला. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, गाडीवानाने वळून त्याच्याकडे पाहिले. मग सायकलवरचा एक जण थांबला, ओळखीचे हसला आणि निघून गेला. त्या साध्या हसण्याने याचा रंग उतरला. तो उठून माझ्याजवळ आला आणि शुद्ध आपल्या मराठीत म्हणाला, “सायब, पाया पडतो. मला आत टाका. गाववाल्यांना नका बोलवू.”

आपणहून कोठडी मागणारा आरोपी मी तो एकच पाहिला. कोठडीत बसून त्याने सगळे सांगितले. लाँच पकडली गेल्याचे त्याला पहिल्या महिन्यातच कळले होते. मुले परत आली तर तोंड उघडतील आणि आपला धंदा बसेल, म्हणून ती परत येऊ नयेत याची व्यवस्था त्याने केली होती. त्यासाठी त्याला काही करावे लागले नाही. निरोप घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला एवढेच सांगायचे, पोलिसांना ‘नाही’ म्हणा. बाकी गावांनी प्रेमाने केले.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला आणि त्याच्या सुनेला खालापूरला आणले. गजाआडून त्या इसमाने खाली मान घालून सांगितले की लाँच पकडली, जहाजबिहाज काही नाही, पोरगा पहिल्यापासून बेटावर आहे. मला भीती होती की म्हातारा त्याच्या अंगावर धावेल. तो हलला नाही. फक्त विचारले, “जिता हाय?”

“हाय,” आरोपी म्हणाला.

म्हातारा माझ्याकडे वळला. “म्हंजे मागल्या साली आमी नाय म्हनलो, तवा बी त्यो तितंच व्हता?”

“होय, बाबा.”

“आनि आमी व्हय म्हनलो आसतो तर?”

हे सांगणे मला जड गेले. पण त्याला खोटे सांगणारे खूप झाले होते. “तर मागच्या वर्षीच सुटला असता,” मी म्हणालो.

तो भिंतीला टेकून खाली बसला. सून त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो म्हणाला, “लिवा सायब. माजा हाय. एकुलता माजाच हाय.”

त्यापुढचे सगळे आनंदाचे आहे. मी गावात जबाब घ्यायला गेलो तर चावडीवर रांग. कालपर्यंत ज्यांनी त्याला जन्मात पाहिले नव्हते, ते आता त्याच्या जन्मापासून सांगू लागले. कायद्याला दोन-तीन जबाब पुरेसे होते. पण एकाला घेतले आणि दुसऱ्याला नाही म्हटले तर भांडणे होतील अशी वेळ आली. पोलीस पाटील म्हणाले, माझा पहिला लिहा, मी सरकारी माणूस. लहानपणी कोणाच्या झाडाचे आंबे पाडले, भजनात कसा बेसूर गातो, कुस्तीत कोणाला पाडले, सगळे आले. काकूने जबाब दिला नाही, भाषण दिले. हवालदार लिहून लिहून वैतागले. “साहेब, ‘लग्नात रुसून बसला होता’ हेही घ्यायचं?”

“घ्या. बेटावरच्या साहेबाला पटलं पाहिजे.”

मी वर अहवाल पाठवला: सदर इसम हा सदर गावचा रहिवासी असून त्यास सर्व गाव ओळखते. ‘सर्व’ या शब्दाखाली मी शाईने रेघ मारली. सरकारी अहवालात अशी रेघ मारत नाहीत, पण मारली. खालापूरहूनही इतरांचे अहवाल गेले, कारण एकदा आरोपी बोलल्यावर तिथल्या गावांनीही आपापली मुले ओळखली. आरोपीवर फसवणुकीचा खटला झाला आणि शिक्षा लागली.

मग वाट बघणे. सून बाजाराला आली की ठाण्याच्या दारात उभी राही, आम्ही मान हलवत असू, ती जाई. भात पोटरीला आले, कापणी झाली. खळ्यावर झोडणी चालू होती तेव्हा मुंबईहून फोन आला की माणसे उतरली आहेत, आणि आपला माणूस दुपारच्या गाडीने कर्जतला पोचतो आहे.

नियमाप्रमाणे त्याला ठाण्यात आणून, बापाकडून ओळख पटवून ताब्यात द्यायचे होते. गाव खळी सोडून आले. ठाण्यात जागा नाही म्हणून लोक बाहेर चिंचेखाली. तो आला. उंच, वाळलेला, उन्हाने काळा पडलेला, अंगावर कोणाचा तरी सैल सदरा. मी गंभीर चेहऱ्याने म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, या इसमास ओळखता?”

म्हाताऱ्याने त्याला खालून वर पाहिले. “गेला तवा जाडा व्हता,” म्हणाला. मुलगा पाया पडायला वाकला तर म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. बायको दाराशी उभी होती. ती रडत नव्हती. आमच्या माठातले पाणी तांब्यात भरून घेऊन उभी होती. त्याने तो तांब्या एका दमात रिकामा केला.

सह्या-अंगठे झाले. सगळे निघणार, तेवढ्यात म्हातारा थांबला. तो विषय त्याला गावात, माणसांत काढायचा नसावा. माझ्या समोरच म्हणाला, “बाळा, तुला येक सांगायचं हाय. पोलीस इचारायला आलं तवा मी नाय म्हनलो रं. माजा नाय म्हनलो. तुजं येक वरीस माज्यामुळं गेलं.”

मी कागद चाळायचे सोंग केले. हवालदार खिडकीबाहेर बघू लागले.

मुलगा म्हणाला, “म्हाइत हाय, बाबा. मला तितं सांगितलं. सायबानं बलवून सांगितलं, तुज्या गावात तुला कोन वळखत नाय, तुजा बाप बी नाय म्हनतो.”

“मग?” म्हाताऱ्याने विचारले.

“मग काय! मी तर लई हसलो. बाजूचं मला येडा समजाय लागलं.” तो आताही हसत होता. “मी म्हनलो, म्हंजे बाबा जिता हाय. गाव हाय तसंच हाय. पोलिसास्नी काय बी सांगत नाय. इतक्या म्हयन्यांत घरची खुशाली मला तेवडीच कळली व्हती, बाबा. त्याच्यावर तर मी दिवस काढलं.”

म्हाताऱ्याने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग दोघेही तिथेच, माझ्या टेबलासमोर, एकमेकांना धरून रडले. हवालदारांनी रुमाल काढला. माझे मी सांगत नाही.

पुढे कित्येक वर्षे मी हाताखालच्या नव्या पोरांना शिकवताना ही हकिगत सांगत असे. पोलिसाला लोक ‘नाही’ म्हणतात तेव्हा तो लगेच चिडतो, आपल्याला खोटे सांगितले म्हणून. खोटे तर असतेच. पण ते कोणाला वाचवायला सांगितले, हे आधी शोधावे. आणि कागदावर ‘मिळून येत नाही’ असे लिहिण्याआधी एकदा स्वतः जाऊन त्या चिखलात बसावे. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो, आणि तो आपल्या उत्तराची वाट बघत असतो.